सड्यावरची चित्रं आणि आपलं अनुमान

आजचा विषय आहे कातळशिल्पं. तुमच्यापैकी निम्म्यांनी ती पाहिलेली असणार, कारण ती तुमच्याच तालुक्यात आहेत. राहिलेल्या निम्म्यांच्या गावाच्या सड्यावर कदाचित अजून कुणाच्या नजरेला न पडलेली असतील. तेव्हा 'ही काय असतात' यावर आम्ही फार वेळ घालवणार नाही. आम्हांला बोलायचं आहे ते असं की, ती पाहायला जाणारा माणूस तिथे उभा राहून नेमकं काय जाणतो, आणि काय जाणल्याची नुसती समजूत करून घेतो. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे ही खोड जात नाही. पण या खोडीचा इथे थोडा उपयोग आहे, असं आम्हांला वाटतं.

आधी जागा समजून घेऊ. जगात डोंगर, जंगल आणि प्राचीन चित्रं एकत्र असलेली ठिकाणं बरीच आहेत आणि त्यांची एक ठरलेली रीत असते. दक्षिण आफ्रिकेतल्या ड्राकेन्सबर्गच्या डोंगरउद्यानात सान लोकांनी रंगवलेली हजारो चित्रं आहेत. 2000 साली ते जागतिक वारशात गेलं. तिथे फाटक आहे, पायवाटा आखलेल्या आहेत, चित्रांपाशी जायचं तर वाटाड्या बरोबर लागतो. आपल्याकडे भोपाळजवळचं भीमबेटका. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी 1957 साली ते उजेडात आणलं, 2003 साली तेही जागतिक वारसा झालं. भोवती रातापाणीचं जंगल, वाघाबिबट्यांचं. तिथेही तिकीट आहे, कठडे आहेत, पाट्या आहेत.

आपल्या सड्याला फाटक नाही. उक्षीचा सडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे फक्त तिथल्या गुराख्याला ठाऊक. खाली वाडी, वाडीतून वर चढणारी पाखाडी किंवा घाटी, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, काजूची झाडं, करवंदीच्या जाळ्या. आणि एका क्षणी झाडं संपतात आणि नजर पोहोचेल तिथवर काळा-तांबडा कातळ. बाहेरच्या माणसाला ते ओसाड वाटतं. सरकारी कागदातसुद्धा अशा जमिनीला 'पडीक' म्हणण्याची सवय आहे. या एका शब्दाने सड्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं पावसाने लाखो वर्षांत केलं नसेल.

पावसाळ्यात जाऊन बघा. जूनपासून चार महिन्यांत इथे तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. कातळाच्या खळग्यांत पाणी साठतं, बोटभर माती धरते आणि श्रावण-भाद्रपदात त्या मातीवर जे उगवतं ते पाहायला वनस्पतिशास्त्रज्ञ लांबून येतात. गेंदाचे पांढरे ठिपके, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा, कवल्याचं पिवळं. यातली सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती. कातळावरच्या मातीत नत्र नाही, मग ते किड्यांकडून घ्यायचं, असा त्यांचा हिशोब. दिपकाडी कोंकणेन्स नावाची पांढऱ्या फुलांची एक कंदवर्गीय वनस्पती तर कोकणातल्या अशा सड्यांखेरीज जगात दुसरीकडे सापडत नाही म्हणतात. टिटवी याच उघड्यावर अंडी घालते. चंडोल आहे, मोर आहेत, कोल्हा आहे, आणि रात्री बिबट्या या वाडीतून त्या वाडीत जाताना सडाच ओलांडतो. पडीक!

हा दगड म्हणजे जांभा. मुळात काळा बेसाल्ट. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांमुळे त्यातली सिलिका झिजून वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा जांभळट-तांबडा दगड झाला. बुकानन नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने केरळात तो पाहिला आणि विटेसारखा कापतात म्हणून 1807 साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव 'लॅटराईट' ठेवलं. आपल्या लोकांनी जांभळाच्या रंगावरून ठेवलं. दोघांनी एकच वस्तू पाहिली. एकाला उपयोग दिसला, दुसऱ्याला रंग. या जांभ्याचा स्वभाव असा की आतला दगड नरम असतो आणि उघडा पडला, वारा-ऊन लागलं की कठीण होत जातो. म्हणूनच त्याचा चिरा निघतो, आणि म्हणूनच त्यावर एकदा खोदलेली रेघ इतका काळ टिकते. ज्यांनी ही चित्रं खोदली त्यांना हा स्वभाव माहीत होता. हे मात्र अनुमान नाही, त्यांच्या हातांनी ते सिद्ध करून ठेवलंय.

आता चित्रांकडे. 1990 च्या सुमारास निवळीजवळ महामार्गालगत काही आकृत्यांची नोंद झाली. पुढे सिंधुदुर्गात हिवाळे, कुडोपी इथल्या चित्रांवर सतीश लळीत यांनी लिहिलं. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत रत्नागिरीतल्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी सडे अक्षरशः पायाखाली घालून शेकडो आकृत्या नोंदवल्या. आज हा आकडा हजाराच्या कितीतरी पुढे गेला आहे. यांतले कुणी पगारी पुरातत्त्वज्ञ नव्हते, हे मुद्दाम सांगतो. शोध कसा लागला? गुराख्यांना विचारून. म्हणजे 'शोध' हा शब्दही जपूनच वापरायला हवा. गावाला ती चित्रं ठाऊकच होती. काही ठिकाणी ती पांडवांनी एका रात्रीत खोदली असं सांगत. गावाला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की बाकीच्या जगाला हे ठाऊक नाही.

2022 साली भारताने युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत यांतली नऊ ठिकाणं घातली. रत्नागिरी तालुक्यातली उक्षी आणि जांभरुण. राजापुरातली कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. मालवण तालुक्यातलं कुडोपी. आणि गोव्यात कुशावतीच्या काठचं फणसायमळ. उक्षीला हत्ती आहे. तिथल्या गावकऱ्यांनी त्याभोवती चिऱ्यांचा कठडा आणि उभं राहून पाहायला जागा केली. कोकणात अशी सोय आधी गावाने केली, मग बाकीचे जागे झाले. जांभरुणला एकाच पटावर माणसं, प्राणी, पक्षी, मासे यांची गर्दी आहे. बारसूला एक माणूस उभा आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वाघासारखे प्राणी. कशेळीला, कनकादित्याच्या गावी, सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्या हत्तीच्या रेघेच्या आत आणखी कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत, त्यांत जलचरही आहेत. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ चौकोनी चौकटीत भरलेली अशी काही नक्षी आहे की तिला प्राणी म्हणता येत नाही, माणूस म्हणता येत नाही.

इथपर्यंत प्रत्यक्ष प्रमाण झालं. डोळ्यांना दिसलं ते सांगितलं. पण आम्ही हेही म्हणताना 'हत्ती आहे', 'वाघासारखे' असं म्हणालो ना? तिथेच घोटाळा सुरू होतो. हत्ती बहुधा निर्विवाद. सोंड कशाला म्हणायचं यावर वाद होत नाही. 'वाघासारखे' मध्ये 'सारखे' आलं, म्हणजे उपमान आलं. आणि देवीहसोळच्या चौकटीपुढे गेलं की कुणी यंत्र म्हणतो, कुणी नकाशा म्हणतो, कुणी मातृदेवता म्हणतो. हे मातृदेवता प्रकरण तर फारच सोपं होऊन बसलंय. दोन पाय फाकलेली आकृती दिसली की मातृदेवता. 'माता' आणि 'देवता' हे दोन्ही शब्द आपण घरून बरोबर नेलेले असतात. कातळावर फक्त दोन पाय असतात.

आता वय. कुठल्याही सड्यावर जा, पहिला प्रश्न तोच, 'किती वर्षांपूर्वीची?' आणि उत्तर ठरलेलं, 'दहा-बारा हजार.' हा आकडा कुठून आला ते जरा सावकाश पाहू, कारण आजच्या बोलण्याचा गाभा तो आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्या. रंगवलेल्या चित्रात कोळसा असेल तर कार्बन पद्धतीने काही सांगता येतं. नुसत्या खोदलेल्या रेघेत कार्बन नाही. तिथे काही काढून टाकलेलं आहे, घातलेलं काहीच नाही. भीमबेटक्यासारख्या गुहेत जमिनीवर थरावर थर साचतात, खणलं की कुठल्या थरात काय हे कळतं. सड्यावर थर साचतच नाही, पाऊस दरवर्षी धुऊन नेतो. तेव्हा थेट मोजमाप नाही. राहिलं अनुमान. अनुमान वाईट नसतं, आपल्या सगळ्या व्यवहाराचा गाडा त्यावरच चालतो. पण न्यायशास्त्राने एक अट घातली आहे, व्याप्ती हवी. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे पक्कं ठरलेलं असेल तरच डोंगरावरच्या धुरावरून अग्नी म्हणायचं. इथे धूर कोणता आहे?

पहिला धूर, गेंडा. काही सड्यांवर एकशिंगी गेंड्यासारखी आकृती आहे. कोकणात आज गेंडा नाही. म्हणून ती चित्रं गेंडा होता त्या काळातली, म्हणून फार जुनी. पहिली पायरी बरोबर आहे. असाच युक्तिवाद ऑस्ट्रेलियात काकाडू उद्यानात करतात. तिथे उबिर नावाच्या खडकावर थायलासीन या प्राण्याचं चित्र आहे आणि हा प्राणी मुख्य भूमीवरून काही हजार वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. तिथे तो केव्हा गेला याचा बऱ्यापैकी अंदाज हाडांवरून आहे. आपला गेंडा कोकणातून केव्हा गेला? गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याचं हाड मिळालं, हे खरं. पण सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा आहे. नगर जिल्ह्यात दायमाबादला 1974 साली काशाच्या मूर्ती मिळाल्या त्यांत हत्ती, म्हैस यांच्याबरोबर गेंडा आहे, आणि त्या साधारण चार हजार वर्षांच्या आतबाहेरच्या मानतात. आणि बाबराने तर सोळाव्या शतकात सिंधूच्या पलीकडे गेंड्याची शिकार केल्याचं स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे 'गेंडा म्हणून बारा हजार' ही व्याप्ती बसत नाही. 'गेंडा म्हणून आजकालचं नाही' एवढी बसते.

दुसरा धूर जास्त रंजक आहे. म्हणतात, या चित्रांत नांगर नाही, गाडी नाही, शेतीची खूण नाही, दिसतात ती बहुतेक रानटी जनावरं. म्हणून ही माणसं शेतीपूर्व, शिकार आणि कंदमुळांवर जगणारी. हा युक्तिवाद बरेच अभ्यासक करतात आणि तो टाकाऊ नाही. पण तो आहे कुठल्या जातीचा? हे आहे 'नसण्यावरून जाणणं'. आपल्याकडे कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी याला स्वतंत्र प्रमाण मानलं, अनुपलब्धी. टेबलावर घागर दिसत नाही, म्हणून टेबलावर घागर नाही. पण त्यांनी लगेच एक अट जोडली, आणि ती अट आमच्या मते भारतीय तर्कशास्त्रातल्या सर्वांत शहाण्या गोष्टींपैकी एक आहे: अनुपलब्धी 'योग्य' हवी. म्हणजे ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात घागर दिसली नाही तर नाही म्हणा. अंधारात दिसली नाही तर गप्प बसा.

मग विचारायचं असं, की खोदणाऱ्यांकडे नांगर असता तर त्यांनी तो खोदलाच असता का? आमच्या देवघरात वर्षानुवर्षं पाहिलेल्या चित्रांत कुठेही मिक्सर नाही, कुकर नाही. त्यावरून पाच हजार वर्षांनी कुणी आमच्या घरात कुकर नव्हता म्हणेल तर? धार्मिक चित्रं रोजच्या वस्तू गाळतात, हा सगळीकडचा अनुभव. ही चित्रं धार्मिक होती का? ठाऊक नाही, पण नव्हती असंही म्हणता येत नाही, आणि तेवढ्यानेच अनुपलब्धीचं 'योग्य'पण डळमळतं. उलट गोव्यात फणसायमळला वशिंडाचे बैल आहेत, मोर आहेत, वर्तुळात वर्तुळ अशी चकव्याची आकृती आहे. तिथला मामला वेगळ्या काळाचाही असू शकेल. हजारांवर आकृत्या, दीडदोनशे मैलांचा किनारा, यांना एकच वय देण्याची घाई कशाला?

तिसरा धूर, दगडी हत्यारं. कोकणात फार जुनी मानवी वस्ती होती हे पक्कं आहे. गुहागर तालुक्यात पालशेतजवळच्या गुहेत आणि सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारं मिळाली. यावरून 'माणूस होता' हे सिद्ध होतं. त्याच माणसाने सड्यावर खोदलं हे अजून जोडायचं आहे, आणि जोडण्याचं काम चालू आहे.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कमी येते म्हणून सांगतो. बारा हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा बरीच खाली होती. हिमयुग ओसरत होतं, पाणी चढत होतं आणि आजच्या पातळीच्या आसपास ते सात हजार वर्षांपूर्वी पोहोचलं. म्हणजे बारा हजार वर्षांपूर्वीच्या कशेळीकराला समुद्र आज आहे तिथे नव्हता, खूप पश्चिमेला होता. मग हत्तीच्या पोटात मासे आणि जलचर कसे? जाऊन पाहिले असतील, माणूस चालतो. नदीतले असतील. किंवा चित्र बारा हजार वर्षांचं नसेल, सहा हजारांचं असेल. यातलं काहीही खोटं ठरत नाही. एवढंच होतं की आकडा उच्चारताना आवाज जरा खाली येतो.

तुम्ही म्हणाल, सर, सहा काय नि बारा काय, जुनंच ना? मग एवढी चिकित्सा कशाला? सांगतो. कारण या आकड्याच्या खुंटीला सध्या फार जड ओझं टांगलेलं आहे.

सडा बहुतेक खाजगी मालकीचा आहे. सामाईक सातबारे, मुंबईतले भाऊ, गावातले भाऊ. या कातळाचं मालकाला काय मिळतं? पूर्वी नाचणी-वरी, थोडं गवत. आज दोन गोष्टी. सुरुंगाने खड्डे काढून, बाहेरची माती आणून लावलेली हापूसची कलमं, किंवा चिरेखाण. चिरेखाणीचं यंत्र एका हंगामात कातळाचा जो थर उचलतं त्यात हत्ती असला काय, मासा असला काय, भिंतीत जातो. चित्र बोट-दोन बोटं खोल, चिरा त्याहून कितीतरी जाड. मालकाला आपण जाऊन सांगतो, 'बाबा रे, हे बारा हजार वर्षांपूर्वीचं आहे, खाण काढू नकोस.' तो ऐकतो. कोकणी माणूस ऐकतो, तसं म्हणाल तर. उद्या एखाद्या नव्या अभ्यासाने ते तीन हजारांचं ठरलं, की तोच माणूस म्हणणार, 'तुम्ही तर बारा म्हणाला होतात.' आणि त्याचं चुकणार नाही. ज्याच्या पोटावर आपण पाय ठेवायला सांगतो, त्याला कच्चा आकडा देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

बारसूचंच घ्या. 2023 च्या एप्रिलमध्ये तिथे तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून आंदोलन झालं ते सर्वांना आठवत असेल. प्रकल्प हवा की नको यावर या सभागृहात दोन तट पडतील, आणि तो आजचा विषय नाही. पण त्या गदारोळात कातळशिल्पांचं जे झालं ते बघण्यासारखं होतं. एका बाजूला ती एकदम संस्कृतीचा आद्य पुरावा झाली, दुसऱ्या बाजूला 'गुराख्यांनी मारलेल्या रेघोट्या' झाली. दोन्ही बाजूंपैकी फार थोडे लोक सड्यावर जाऊन त्यांच्यापुढे तासभर उभे राहिले असतील. आणि हेही लक्षात ठेवा, युनेस्कोची तात्पुरती यादी म्हणजे संरक्षण नव्हे. ती इच्छुकांची यादी आहे. त्या यादीतल्या नावामुळे चिरेखाण आपोआप थांबत नाही.

आमचं मत विचाराल तर वयावर भार टाकूच नये. ही चित्रं कुणीतरी फार पूर्वी, या दगडाचा स्वभाव ओळखून, एवढे श्रम घेऊन काढली, आणि त्यांचा अर्थ सांगणारं कुणी उरलं नाही. जपायला एवढं कारण पुरेसं आहे. आणि जपायचं तर मालकाला त्यातून काही मिळायला हवं: जमिनीचा मोबदला, वाटाड्याचं काम, घरात जेवणाची सोय, काहीही. नुसता अभिमान देऊन भागणार नाही, अभिमानाने घरपट्टी भरता येत नाही.

अर्थ सांगणारं उरलं नाही म्हणालो, तर ड्राकेन्सबर्गकडे पुन्हा येतो. तिथे 1873 साली एका सान वाटाड्याने ओर्पेन नावाच्या अधिकाऱ्याला चित्रांपुढे उभं राहून त्यांच्याबद्दल सांगितलं, आणि ते लिहून ठेवलं गेलं. त्याच दशकात केपटाऊनला ब्लीक आणि लॉईड यांनी दुसऱ्या सान माणसांकडून त्यांच्या कथा, समजुती हजारो पानांत उतरवून घेतल्या. शंभर वर्षांनी लुईस-विल्यम्स या अभ्यासकाने ती पानं आणि चित्रं शेजारी ठेवली, तेव्हा कळलं की इलँड हरणाची इतकी चित्रं काढली ती शिकारीची नोंद म्हणून नव्हे. त्या प्राण्यात त्यांना शक्ती दिसत होती, तंद्रीतल्या नाचाशी त्याचा संबंध होता. तोवर सगळे शहाणे लोक 'शिकारीची दृश्यं' म्हणत होते. म्हणजे 'शब्द' प्रमाण मिळालं तेव्हा प्रत्यक्षाचा अर्थच बदलला. आपल्याकडे ते शब्द प्रमाण नाही. कातळ आणि आपण यांच्यामध्ये सांगणारा माणूस नाही. बारसूच्या त्या दोन वाघांना तो माणूस आवरतोय, की ते त्याचे सोबती आहेत, की तो मेलाय आणि ते त्याला नेतायत? आम्ही वर्गात असतो तर पोरांकडून तिन्ही बाजू मांडून घेतल्या असत्या.

मोठ्या आकृत्यांबद्दल एक गंमत ऐकायला मिळते. कशेळीचा हत्ती जमिनीवरून पूर्ण दिसत नाही, वरूनच दिसतो, मग तो आकाशातून पाहणाऱ्यांसाठी काढला असला पाहिजे. मग देव येतात, परग्रहवासी येतात. ही अर्थापत्तीची नक्कल आहे. खरी अर्थापत्ती अशी: देवदत्त लठ्ठ आहे, दिवसा जेवत नाही, म्हणजे रात्री जेवतो. दुसरा मार्गच नाही म्हणून तो निष्कर्ष घ्यावा लागतो. इथे दुसरे मार्ग भरपूर आहेत. रांगोळी घालणारी बाई रांगोळीच्या आतच बसलेली असते, तिला ती वरून पाहावी लागत नाही. कदाचित ती चित्रं पाहण्यासाठी नसून, खोदण्यासाठी असतील. त्यांच्या रेघेवरून चालण्यासाठी असतील. देवाचे गोठणे इथे होकायंत्राची सुई भरकटते, त्याचंही असंच करून ठेवलंय. जांभ्यात लोह आहे, उघड्या माथ्यावर वीज पडली की खडक चुंबकित होतो, भूशास्त्राला हे नवीन नाही. चुंबकसुई भरकटते हे खोदणाऱ्यांना कळायला त्यांच्याकडे सुई हवी होती.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं, मग थांबतो. दिवाळीनंतर जा. पावसात शेवाळ्यावरून पाय घसरतो आणि सप्टेंबरात फुलांसाठी गेलात तर चित्रं गवताखाली असतात. दोन्ही एका फेरीत होत नाही. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर पोहोचा. ऊन तिरपं असलं की खोदलेल्या रेघेत सावली भरते आणि आकृती उठून येते. बारा वाजता त्याच जागी उभे राहाल तर नुसता दगड. शिवाय बारा वाजता सड्यावर झाड नाही, पाणी नाही. बूट घाला. फुरसं हा रत्नागिरीच्या कातळाचा जुना रहिवासी आहे, दगडाखाली असतो, दगड उगाच उलटायचा नाही आणि बसण्याआधी जागा बघायची. गावात आधी विचारा; सडा कुणाचा आहे ते कळतं, वाटही कळते, आणि ओटीवर पाणी मिळतं.

आणि कृपा करून रेघांत खडू किंवा चुना भरू नका. फोटो चांगला येतो म्हणून हे करतात. चुन्याने रेघ आपण ठरवतो. खोदणाऱ्याची रेघ जिथे अंधूक आहे तिथे आपली घालतो, आणि पुढच्याला तीच खरी वाटते. शिवाय त्या खाचेत भविष्यात तपासता येण्याजोगं जे काही असेल ते जातं. इंग्लंडात अफिंग्टनला टेकडीवर खडूचा पांढरा घोडा आहे, सुमारे तीन हजार वर्षांचा, आणि तो टिकला तो गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गवत काढून खडू ठोकत ठेवला म्हणून. तेव्हा हात लावूच नये असा काही वैश्विक नियम नाही. पण तिथे घोडा खडूचाच होता आणि हात गावाचे होते, दर काही वर्षांनी तेच काम करणारे. आपला खडू शनिवारी येतो आणि रविवारी संध्याकाळी मुंबईला परत जातो.

एक चिठ्ठी आली आहे, वाचतो. 'आमच्या कातळावर अशी दोन चित्रं आहेत, कुणाला सांगितलं तर जमीन जाईल का?' नाव लिहिलेलं नाही, ते बरं केलंत. सरळ उत्तर असं की नोंद होणं आणि जमीन जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद म्हणजे मोजमाप, फोटो, जागेची खूण. राज्य संरक्षित स्मारक जाहीर करायचं तर त्याची वेगळी प्रक्रिया आहे, आधी अधिसूचना निघते, तुम्हांला हरकत घेता येते. मालकी तरीही राहू शकते, पण तिथे काय करायचं यावर बंधनं येतात, हे लपवण्यात अर्थ नाही. आमचा सल्ला विचाराल तर आधी भावकीत बोला, मग ग्रामपंचायतीत, मग बाहेर. आणि तोवर निदान तेवढ्या तुकड्यावर खाण देऊ नका. बाजूला द्यायची तर द्या, पण मधे अंतर सोडा, कारण यंत्राच्या हादऱ्याने शेजारचा कातळही तडकतो. कार्यक्रमानंतर आम्ही इथेच खाली चहापाशी आहोत, तुम्ही नुसते येऊन उभे राहिलात तरी चालेल.